बाटलीतली गोळी

१

डॉक्टर शालिग्राम खारोडे यांनी कपाटातून काचेची छोटी बाटली काढली, बूच उघडलं, आतला कापूस चिमट्याने बाजूला केला आणि गोळी तळहातावर घेतली.

गोळी औषधाची नव्हती. बंदुकीची होती.

रविवारची सकाळ होती आणि नांदुऱ्यातला तो दवाखाना बंद होता. आतल्या खोलीत तिघंच होती. डॉक्टर, त्यांची बायको पुष्पांजली आणि आदल्या संध्याकाळी वार्देनियाहून आलेली इलिना नावाची तरुण वकील. ही गोळी आपल्या देशात न्यायला ती इतक्या लांब आली होती.

डॉक्टरांनी गोळीवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग ते खिडकीच्या उजेडात गेले आणि तिथंच थांबले.

"अहो, काय झालं?" पुष्पांजलीने विचारलं.

"ही ती नाही."

"म्हणजे?"

"हातात घेतली अन् अंगठा चुकला. ही माझी गोळीच नाही, पुष्पा."

डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण काढायचं चुंबक त्यांनी खणातून आणलं आणि गोळीला लावलं. गोळी हलली नाही. चुंबक उचललं तर गोळी टेबलावरच राहिली.

"खरी गोळी पोलादाची. वरून नुसता तांब्याचा मुलामा. चुंबकाले झट चिपकते. हे तं पितळ आहे."

इलिनाला मराठी येत नव्हतं, पण टेबलावर पडून राहिलेली गोळी तिला कळली. ती आपल्या भाषेत हळू आवाजात काही बोलली. डॉक्टरांनी त्याचा अर्थ बायकोला सांगितला नाही.

तरी पुष्पांजलीला तो कळला. कारण बोलताना इलिना डॉक्टरांकडे पाहत नव्हती. ती पुष्पांजलीच्या कमरेला खोचलेल्या किल्ल्यांकडे पाहत होती.

२

धम्मशीला वानखडे पोलिस निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि दवाखान्याच्या मागच्या गल्लीत राहत होत्या. डॉक्टरांनी त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं होतं, तेव्हापासून दोन्ही घरांत जाणं-येणं होतं. निरोप मिळाला तशा त्या चप्पल अडकवून आल्या, पितळेची गोळी रुमालात घेतली आणि खुर्ची ओढून बसल्या.

"डॉक्टर, आधी मले हे सांगा, नांदुऱ्याच्या माणसाजवळ ही गोळी आली कुठून?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"सोनाळ्याहून मी सोव्हिएत सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिकाले गेलो. वार्देनिया तवा त्याच मोठ्या देशातला एक तुकडा होता. तिथंच सर्जन झालो. मंग तो देश फुटला. लाल झेंडा उतरला, पुतळे उतरले, निवडणुका झाल्या. पण फौज तशीच राह्यली, ताई. तेच जनरल, तेच रुबाब. लोकाईनं निवडून देल्लेल्या मंत्र्यानं काई विचारलं, तं म्हणत, तुम्ही कोण विचारणारे? फौजेनं मुलकी सरकारचं ऐकलं पाह्यजे, ह्या मागणीसाठी पोरं राजधानीच्या चौकात बसली."

"अन् फौजेनं गोळी घातली."

"फौज म्हणते आम्ही एकही गोळी झाडली नाही, गर्दीतल्याच कोणी झाडली. माझ्या टेबलावर तोमाश नावाचा पोरगा आणला. कॉलेजातला. त्याची माय बाहेर बाकावर. नाही वाचला. जखमी पोराईच्या अंगातून काढलेल्या सगळ्या गोळ्या दुसऱ्या दिवशी फौजेनं नेल्या. ही एक मी बुटात लपवली. तशा गोळ्या फक्त जनरलच्या खास तुकडीजवळ होत्या. मायले वचन देल्लं होतं, कोणी विचारीन त्या दिवशी दाखवीन."

"अन् आता कोणीतरी विचारलं."

"हाव. इतक्या वर्षांनी. तिकडच्या संसदेनं समिती बसवली. सरसेनापती कोण होईल हे संसद ठरवीन, अन् फौज संसदेले जबाब देईन, असा कायदा आणून राह्यले. त्या तुकडीचा तवाचा कप्तान कोर्विन आज सरसेनापती आहे. तो म्हणते, आमच्या फौजेनं आपल्या लोकाईवर कधी बंदूक उचलली नाही, मंग आमच्या गळ्यात साखळी काऊन? उद्या दुपारी व्हिडिओवर माझी साक्ष आहे. साक्ष झाली की इलिना गोळी घेऊन जाईन."

धम्मशीलाताईंनी रुमालातल्या गोळीकडे पाहिलं.

"एका मोर्चात मी बंदोबस्ताले होती," त्या म्हणाल्या. "दगड येऊन राह्यले होते. माझ्या शिपाई पोराईच्या हातात बंदुका होत्या. तहसीलदार बाजूले उभे, घामानं चिंब. मी त्याईच्या तोंडाकडे पाहून राह्यली होती. ते हो म्हणत नाहीत तोवर माझं बोट हलू शकत नव्हतं. लई राग आला होता तवा त्या माणसाचा. घरी आल्यावर समजलं की तो नसता तं मी काय केलं असतं." त्यांनी रुमाल मिटला. "तक्रार देता?"

"तक्रार, पंचनामा, अन् उद्याची साक्ष गेली."

"मंग आजचाच दिवस आहे. गोळी ह्या कपाटात आहे हे कोणाले माहीत?"

"पुष्पाले. पुतण्या कुलदीपले, तो वार्देनियातच डॉक्टरकी शिकते, सध्या सुट्टीत आलाय. इलिनाले. अन् हर्षल भोपळेले. पोराईले तिकडं शिकाले पाठवते तो. समितीशी पयलं बोलणं झालं तवा माझं नेट चालेना, तं तोच आपला लॅपटॉप घेऊन आला होता."

"ह्या चौघांत संशय कोणावर?"

"कोणावरच नाही," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण काल दुपारी कुलदीप ह्या कपाटापाशी उभा होता. मी आलो तं दचकला."

३

पुष्पांजली स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. काड्या आणि पानं एकाच ताटात पडत होती, तिचं लक्ष नव्हतं.

"ती बाई मले चोर समजून राह्यली, ताई."

"मी अजून कोणालेच समजत नाही. किल्ल्या तुमच्याच जवळ राहतात?"

"एक जोड माझ्या कमरेले, एक यांच्या कोटाच्या खिशात. अन् कोट दिवसभर खुर्चीवर पडलेला राहते. ह्या दवाखान्यात ज्याले पाह्यजे त्यानं घ्यावी किल्ली."

"गोळी उद्या जाणार. तुम्हाले बरं वाटत होतं का?"

पुष्पांजलीने ताट बाजूला सारलं. "खरं सांगू? मले ती घरातच नको होती. दर दिवाळीले कपाट पुसताना हातात घेत होती अन् वाटत होतं, एका मायच्या पोराचा जीव घेतलेली वस्तू मी फडक्यानं पुसून राह्यली. यांले म्हणत होती, साक्ष-बिक्ष नको, म्हातारपणी कोण्या जनरलचं वैर कशाले घ्यावं."

"म्हणून बदलली?"

"बदलली?" ती एकदम ताठ झाली. "मले नको होती तं मी विहिरीत टाकली असती. तिच्या जागी दुसरी ठेवून मले काय भेटणार होतं?"

धम्मशीलाताई दारापर्यंत गेल्या आणि तिथे क्षणभर थबकल्या. प्रश्न रागाने विचारलेला होता, पण प्रश्न बरोबर होता. चोराला गोळी नकोशी होती तर त्याने ती उचलून न्यायची. खटपट करून दुसरी बनवायची कशाला?

कुलदीप अंगणात मोटारसायकलला टेकून उभा होता. उंच, अंगाने सडपातळ, दाढीच्या जागी विरळ केस. त्याचा फोन खिशात सारखा थरथरत होता आणि तो काढत नव्हता.

"काल कपाटापाशी काय करत होता बे?"

"पासपोर्ट पाहत होतो, मावशी. काकाजवळ ठेवला आहे."

"अन् पासपोर्ट भेटला?"

"नाही... हाव."

"नाही का हाव? फोन दाखव."

तो तयार नव्हता. ताईंनी हात पुढे धरून ठेवला. शेवटी त्याने फोन दिला. पडद्यावर त्याच्या वार्देनियातल्या मेडिकल कॉलेजच्या कचेरीतून आलेला संदेश होता. तुमचे काका समितीसमोर बोलले तर शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला तुम्हाला बसता येईल असं समजू नका.

"हे आलं तवा तू काय केलं?"

कुलदीपने फोन परत घेतला. "मी गोळी घेणार होतो. खोटं नाही बोलत. बाबानं सोनाळ्याचं अर्धं वावर घातलं माझ्या शिक्षणात. किल्ली घेतली, कपाट उघडलं, बाटली उचलली."

"अन्?"

"अन् ठेवून देली. मी लहान होतो तवा काका मले त्या गोळीवरून बोट फिरवू देत. म्हणत, हे पाय, इथं बरगडी लागली. तो तोमाश माझ्याच वयाचा होता. नाही जमलं मले, मावशी. बूच पण नाही उघडलं."

"हे कोण मानीन?"

"कोणीच नाही," तो म्हणाला. "म्हणूनच सांगत नव्हतो."

फोन पुन्हा थरथरला. या वेळी सोनाळ्याहून त्याच्या वडिलांचा, उत्तमरावांचा व्हिडिओ कॉल होता. कुलदीपने घाईत तो उचलला, नंतर बोलतो म्हणाला आणि बंद केला. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात धम्मशीलाताईंना स्वतःची छबी दिसली. पदर उजव्या खांद्यावर होता. त्यांनी नकळत खांदा चाचपला. पदर नेहमीसारखा डाव्याच खांद्यावर होता.

त्या यावर विचार करणार, तोच वरच्या मजल्यावरून पुष्पांजली धावत खाली आली.

"ताई, ती वकीलबाई खोलीत नाही! दार सताड उघडं आहे!"

४

इलिना लांब गेली नव्हती. दवाखान्याच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभी राहून ती फोनवर बोलत होती. डॉक्टर आणि धम्मशीलाताई जिना चढून आले तेव्हा तिने फोन झटकन बंद केला.

डॉक्टरांचा चेहरा उतरला होता. "ताई, तिचे शेवटचे शब्द मी ऐकले. ती 'कर्नल' म्हणाली."

"विचारा तिले, कोणता कर्नल."

डॉक्टरांनी विचारलं. इलिना एक-एक वाक्य बोलत गेली. डॉक्टर ते मराठीत सांगत होते आणि सांगताना त्यांचा आवाज बदलत होता.

"म्हणते, कर्नल म्हणजे तिचा बाप. त्याच फौजेत होता. त्या दिवशी चौकाच्या दुसऱ्या टोकाले त्याची तुकडी उभी होती. त्यालेही गोळीचा हुकूम होता. त्यानं विचारलं, हा हुकूम कोण्या मंत्र्याचा? लेखी आहे का? उत्तर आलं नाही, तं त्यानं बंदुका खाली ठेवाले लावल्या. नंतर त्याले फौजेतून काढलं. आता आजारी आहे. गोळी बदलली हे पयले त्याले सांगावंसं वाटलं. आपल्या समितीतलाच कोणी फितूर असला तं, म्हणून बाकी कोणाले सांगितलं नाही."

"खरं कशावरून?"

डॉक्टरांनी तेही विचारलं. इलिनाने ताईंच्या डोळ्यांत पाहून उत्तर दिलं.

"म्हणते, कशावरूनच नाही. तुमच्या जागी मी असती तं माझ्यावरच संशय घेतला असता."

धम्मशीलाताईंना हे उत्तर आवडलं, पण आवडलेल्या उत्तरांवर त्या नोकरीतही विसंबल्या नव्हत्या. त्यांनी रुमालातली गोळी काढली. "खरी गोळी मी कधी पाह्यली नाही. हिच्याजवळ फोटो आहे का?"

होता. समितीशी पहिलं बोलणं झालं तेव्हा डॉक्टरांनी कॅमेऱ्यासमोर धरलेल्या गोळीचा, समितीच्या पडद्यावरून घेतलेला. बोथट झालेलं टोक, टोकाखाली उभी चीर आणि चिरेच्या बाजूला बरगडीवर आपटून पडलेला खोल पोचा.

ताईंनी पितळेची गोळी फोटोशेजारी धरली. टोक वर, चीर समोर. बनवणाऱ्याने कसर ठेवली नव्हती. टोक तसंच, चीर तशीच, पोचा तेवढाच खोल.

फक्त फोटोत पोचा चिरेच्या डाव्या अंगाला होता. हातातल्या गोळीवर तो उजव्या अंगाला होता.

"म्हणून अंगठा चुकला," डॉक्टर पुटपुटले.

ताईंनी गोळी उलटसुलट केली. पुन्हा फोटो पाहिला. मग त्यांचा हात आपोआप डाव्या खांद्यावरच्या पदराकडे गेला आणि तिथेच राहिला.

"डॉक्टर, हर्षलले फोन लावा. सांगा, वकीलबाई उद्या गोळी घेऊन निघून राह्यल्या, निरोपाचं जेवण आहे, ये. गोळी बदलली हे त्याले समजू देऊ नका."

"हर्षलले? त्यानं तं मले मदत केली!"

"बोलवा तं खरं. अन् मी जे विचारीन, त्याचं उत्तर कोणी दुसऱ्याकडे पाहून देऊ नका."

५

हर्षल भोपळे शेगावच्या कचोऱ्यांचा पुडा घेऊन आला. गोल चेहऱ्याचा, हसऱ्या तोंडाचा माणूस. जिल्ह्यातली कितीतरी पोरं त्याच्या हातून वार्देनियात डॉक्टर व्हायला गेली होती आणि दसऱ्याला त्यांचे आईबाप त्याच्या घरी सोनं द्यायला येत.

"वकीलबाईले खाऊ घाला, तिकडं अशी भेटत नाही," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. "काय मॅडम, तुम्ही पण आल्या जेवाले?"

"मले गोळी पाहाची होती, पण डॉक्टर बाटली उघडाले तयार नाहीत," धम्मशीलाताई म्हणाल्या. "तुम्ही सगळ्याईनं पाह्यली आहे. मले नुसतं सांगा कशी दिसते. टोक वर धरलं अन् चीर समोर घेतली, तं पोचा कोणत्या अंगाले आहे? पुष्पाताई?"

"डाव्या," पुष्पांजली म्हणाली. "फडकं तिथंच अडकत होतं."

"कुलदीप?"

"डाव्या."

डॉक्टरांनी इलिनाला प्रश्न समजावला. तिने डावा हात वर केला.

"हर्षल?"

हर्षलने तिघांकडेही पाहिलं. काहीतरी खटकल्यासारखं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, पण त्याच्या डोळ्यांसमोर गोळी स्पष्ट होती. त्याने ती नीट, बारकाईने पाहिली होती.

"उजव्या अंगाले आहे," तो म्हणाला. "काय डॉक्टरसाहेब, बरोबर ना? ह्या लोकाईनं नीट पाह्यलीच नाही."

ताईंनी रुमाल उघडून गोळी टेबलावर ठेवली.

"हिच्यावर आहे उजव्या अंगाले. हिच्यावरच. अन् ही आज सकाळी बाटलीत निघाली."

हर्षलचं हसू ओठांवरच थिजलं.

"ऐका," ताई म्हणाल्या. "मले आधी कोडं पडलं होतं ते हे, की चोरानं गोळी नेली अन् दुसरी काऊन ठेवली. नेली असती तं उद्या सारं जग म्हटलं असतं, जनरलच्या माणसाईनं चोरली. ती बदनामी त्याईले नको होती. त्याईले पाह्यजे होतं की डॉक्टरनं साऱ्या समितीपुढं पितळेची गोळी दाखवावी, वकीलबाईनं ती तिकडं न्यावी, तपासावी, अन् डॉक्टर खोटारडा ठरावा. एक साक्षीदार खोटारडा निघाला की बाकीच्याईचं कोण ऐकते? म्हणून नक्कल बनवली. आता नक्कल बनवणाऱ्यानं खरी गोळी हातात घेतली असती तं पोचा बरोबर जागी आला असता. त्याच्याजवळ नुसतं चित्र होतं. अन् ते चित्र उलटं होतं."

त्यांनी कुलदीपचा फोन मागितला, कॅमेरा स्वतःकडे वळवला आणि पडदा सगळ्यांना दाखवला.

"माझा पदर पाहा. उजव्या खांद्यावर दिसते. फोन असो का लॅपटॉप, व्हिडिओवर बोलताना माणसाले आपल्या पडद्यावर आपली छबी आरशासारखी दिसते. समोरच्याले सरळ दिसते. वार्देनियात बसलेल्या समितीले गोळी सरळ दिसली, वकीलबाईच्या फोटोत पोचा डावीकडंच आहे. तिनं किंवा तिच्या माणसाईनं नक्कल केली असती तं ती बरोबर झाली असती. पुष्पाताईनं ती गोळी इतकी वर्षं पुसली. कुलदीपनं लहानपणी बोटं फिरवली, अन् ते बोलणं झालं तवा तो इथं नव्हताच. उलटी गोळी फक्त एका ठिकाणी दिसली. इथं, ह्या खोलीत, तुमच्या लॅपटॉपच्या पडद्यावर. डॉक्टर कॅमेऱ्याकडे पाहून राह्यले होते. पडद्याकडे तुम्ही पाहून राह्यले होते, हर्षल. अन् त्या पडद्याचा फोटो पण तुम्हीच घेतला असणार."

"मॅडम, पोचा इकडं का तिकडं, एवढ्यावरून..."

"परवा तुम्हाले जुलाब झाले म्हणून डॉक्टरनं सलाईन लावली, त्याईनंच मले सांगितलं. बाहेरच्या खाटा भरल्या होत्या, म्हणून ह्याच खोलीत झोपवलं. कोट ह्याच खुर्चीवर होता ना, डॉक्टर?"

डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

हर्षल उठला आणि दाराकडे निघाला. कुलदीप दारात आडवा झाला.

"हर्षलकाका, मले आलेला संदेश..." कुलदीप म्हणाला, "तुम्हाले माहीत होता?"

६

हर्षल परत खुर्चीत बसला.

"माहीत होता," तो म्हणाला. "मले तोच संदेश रोज येऊन राह्यला होता. तुह्या एकट्याचा नाही, साऱ्या पोराईचा. ते कॉलेज कोर्विनच्या जावयाचं आहे. म्हणाला, तुमच्या जिल्ह्यातला एकही पोरगा डॉक्टर होऊन परत येणार नाही. मी काय करणार होतो? माह्या भरोशावर आईबापानं लेकरं पाठवली." त्याने तोंडावरून हात फिरवला. "अन् माहा धंदाही. तो पण होता. खोटं कशाले बोलू. खामगावले एका लेथवाल्याकडून बनवून घेतली."

"खरी गोळी कुठं आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"येरळीच्या पुलावरून पूर्णेत टाकली."

डॉक्टर भिंतीला टेकले. त्यांनी इलिनाला काही सांगितलं नाही, पण तिने त्यांच्याकडे पाहूनच डोळे मिटून घेतले.

धम्मशीलाताई हर्षलजवळ खुर्ची ओढून बसल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला.

"हर्षल, आज गोळी बदलाले लावली. उद्या काय सांगतील? पोरं तं त्याईच्याच हातात राहतील. तुम्ही जितके दबाल तितकी पोरं त्याईच्या मुठीत. त्याईले कोणाचीच भीती नाही, म्हणून ते हे करून राह्यले. उद्या समितीपुढं तुम्ही बोला. कोणी सांगितलं, काय धमकी देऊन सांगितलं, सगळं."

"मले जेल होईन."

"होऊ शकते. मी खोटा दिलासा देत नाही. पण तुम्ही बोलले तं त्या पोराईवर साऱ्या जगाचं लक्ष राहीन. गप राह्यले तं त्याईच्याकडे कोण पाहीन?"

हर्षलने कुलदीपकडे पाहिलं. मग त्याने खिशातून आपला फोन काढून टेबलावर ठेवला.

"सारे निरोप आहेत याच्यात. आवाज पण."

इलिनाने डॉक्टरांमार्फत एकच गोष्ट सांगितली. हे समितीच्या अध्यक्षांशिवाय आज कोणालाही कळता कामा नये.

सोमवारी दुपारी हर्षलचाच लॅपटॉप त्याच टेबलावर ठेवला गेला. पडद्यावर लांबलचक सभागृह दिसत होतं. मधल्या उंच खुर्चीवर राखाडी केसांची, किरकोळ अंगाची बाई बसली होती. अध्यक्ष होण्याआधी ती शाळेत गणित शिकवायची, असं इलिनाने सांगितलं होतं. डाव्या हाताला सरसेनापती कोर्विन, छातीभर पदकं, पाय पसरून बसलेला. समोरच्या रांगेत काळा रुमाल बांधलेली एक म्हातारी होती. डॉक्टरांनी तिला लगेच ओळखलं. ती तोमाशची आई होती. त्यांना शपथेचे शब्द दोनदा म्हणावे लागले.

खोलीत कॅमेऱ्याबाहेर पुष्पांजली, कुलदीप, हर्षल आणि धम्मशीलाताई उभी होती. इलिना वाकून ताईंच्या कानात मोडक्या इंग्रजीत थोडं-थोडं सांगत होती.

डॉक्टरांनी चौकाबद्दल सांगितलं. पोराबद्दल सांगितलं. बरगडीबद्दल सांगितलं. मग त्यांनी बाटली उचलली.

"ही बाटली माझ्या कपाटात होती," ते म्हणाले. "हिच्यातली वस्तू मी..."

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. कोर्विनचा वकील ताडकन उभा राहिला आणि ओरडला. इलिनाने ताईंचा दंड घट्ट धरला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ही गोळी पितळेची आहे. चुंबक लावून पाहा. हा भारतीय डॉक्टर समितीची फसवणूक करतो आहे."

सभागृहात कुजबुज उसळली. अध्यक्षबाईंनी हात वर केला. कुजबुज विरेपर्यंत त्या थांबल्या. मग चष्म्यावरून वकिलाकडे पाहत त्यांनी, वर्गातल्या पोराला विचारावं तितक्या शांतपणे, एक प्रश्न विचारला.

इलिनाला तो सांगताना हसू आणि रडू एकदमच आलं. "त्या म्हणाल्या, बाटलीचं बूच अजून उघडलेलं नाही. आत पितळ आहे हे तुम्हाला इथून कसं दिसलं?"

वकील उभाच राहिला.

"गोळी खोटी आहे," डॉक्टर कॅमेऱ्याकडे पाहून म्हणाले. "खरी गोळी गेल्या आठवड्यात माझ्या कपाटातून काढून नदीत टाकण्यात आली. ज्याने टाकली तो इथे आहे. कोणाच्या हुकमावरून टाकली, ते तो स्वतः सांगेल."

ते खुर्चीवरून उठले. हर्षल येऊन बसला. त्याने आपला फोन माइकजवळ धरला आणि निरोप एकामागून एक ऐकवले. कोर्विनच्या जावयाचा आवाज त्या सभागृहात बहुतेकांच्या ओळखीचा असावा, कारण पहिल्याच निरोपाला सगळी डोकी कोर्विनकडे वळली.

हर्षलचं सांगून झालं. अध्यक्षबाई सरसेनापतीकडे वळल्या.

"त्या म्हणतात," इलिना कुजबुजली, "सरसेनापती, उभे राहा आणि समितीच्या प्रश्नांची उत्तरं द्या."

कोर्विन हलला नाही. बसल्या जागेवरून त्याने काहीतरी म्हटलं.

"तो म्हणतो, फौज फक्त फौजेला उत्तर देते."

अध्यक्षबाईंनी आवाज चढवला नाही. त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तितकंच हळू. मग हात एकमेकांवर ठेवून त्या वाट पाहत राहिल्या. कोर्विनने दाराशी उभ्या असलेल्या आपल्या अंगरक्षकांकडे पाहिलं. अंगरक्षक अध्यक्षबाईंकडे पाहत होते.

पहिल्या रांगेतली म्हातारी काठी टेकत उठली. ती नुसती उभी राहून त्याच्याकडे पाहत राहिली.

कोर्विनने खुर्चीच्या हातांवर तळवे दाबले आणि तो हळूहळू उभा राहिला.